परित्राणाचं पाणी

"काय कुटून राह्यला रे?"

राकेशच्या हातातला चमचा जागच्या जागी थांबला. बेसमेंटच्या जिन्यावरून, कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकत आई खाली येत होती. गुडघ्यांमुळे ती बेसमेंटमध्ये उतरणार नाही असं तो धरून चालला होता, आणि ती नागपूरहून आल्यापासून गेले सोळा दिवस ते बरोबरही ठरलं होतं.

"गोळी आहे, आई. पाण्याची."

दोन चमच्यांमध्ये दाबून तो अर्ध्या गोळीची पूड करत होता. समोरच्या टेबलावर स्टीलची दोन भलीमोठी पातेली होती, नळाच्या पाण्यानं काठोकाठ भरलेली. शेजारी थर्मामीटर, छोटा वजनकाटा, जिप्समची पुडी आणि ड्रॉपरची बाटली. एखाद्या होमिओपॅथी डॉक्टरनं मोठ्या प्रमाणावर धंदा सुरू करावा असा सगळा थाट होता.

"पान्याले गोळी? ताप आला का त्याले?"

"इथल्या नळाच्या पाण्यात जंतू मारायचं औषध टाकतात. ही पूड टाकून थोडा वेळ ठेवलं की त्या औषधाचा वास जातो."

"म्हंजे पानी शुद्ध करून राह्यला."

"हो."

इथवर राकेश गजभियेच्या तोंडून एकही खोटा शब्द गेला नव्हता. पण आई शेवटच्या पायरीवर टेकली, तिनं दोन्ही पातेली नजरेनं मोजली आणि कुणीही विचारलं असतं तेच विचारलं. "पन इतकं कायले? आपन घरात चार मान्सं."

उत्तर एका शब्दाचं होतं आणि ते राकेशच्या जिभेवर आलंही होतं. त्याऐवजी तो म्हणाला, "परित्राणासाठी."

आता हे असं का झालं, ते सांगायला हवं. राकेशचं आयुष्य सांगायला बसलं तर पाच मिनिटांत संपेल. नागपूरला बालपण, तिथेच इंजिनिअरिंग, मग एका विमा कंपनीचं सॉफ्टवेअर तपासण्याची नोकरी, आणि ती नोकरी करत अमेरिकेत, मिनेसोटातल्या ईडन प्रेरीत एकोणीस वर्षं. दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि त्या सभ्य भाषेत त्यांना कळवायच्या, हे त्याचं काम. चार वर्षांपूर्वी ऑफिसच्या पार्टीत सोडतीत त्याला घरच्या घरी बिअर बनवायचं सामान बक्षीस मिळालं. फुकट मिळालेलं फुकट जाऊ नये म्हणून त्यानं ती करून पाहिली. पहिल्या बिअरला जखमेवरच्या पट्टीचा वास आला. दुसरीला, तिसरीलाही. शेवटी ते सामान विकणाऱ्या दुकानातला दाढीवाला म्हातारा म्हणाला, तुझं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, बरोबर आहे, तुझं पाणी चुकतंय. तेव्हापासून राकेश पाण्याच्या मागे लागला. कशानं वास जातो, कशानं चव उठते, किती थेंब आम्ल घातलं म्हणजे धान्यातली साखर नीट सुटते, हे त्याला पाठ झालं. पिण्याचं म्हणाल तर शनिवारी एक ग्लास. बाकीच्या बाटल्या शेजारीपाजारी आणि मित्रांकडे जायच्या. त्याला गोडी करण्याची होती. आख्ख्या आयुष्यात स्वतःच्या हातानं काही केलं आणि ते चांगलं झालं, असं त्याच्याकडे एवढं एकच होतं.

आणि हे जगात ज्या एका बाईला सांगता येणार नव्हतं, ती पायरीवर बसली होती.

अठ्ठ्याऐंशी साली, राकेश नऊ वर्षांचा असताना, त्यांच्या वस्तीत हातभट्टीची दारू गल्लोगल्ली मिळायची. सुगंधाबाईंच्या, म्हणजे त्याच्या आईच्या, महिला मंडळानं एका दुपारी अकरा भट्ट्या फोडल्या. अकराव्या भट्टीवर मालकाच्या भावानं काठी हाणली आणि आईचं उजवं मनगट मोडलं. ते वाकडंच जुळलं. पुढे केस उभी राहिली तेव्हा साक्षीदार म्हणून बारा बायकांची नावं होती. अकरा जणी फुटल्या. आई एकटी पिंजऱ्यात उभी राहिली. वकिलानं दीड तास उलटसुलट विचारून शेवटी म्हटलं, "बाई, तुम्ही खोटं बोलताय." त्यावर ती म्हणाली, "साहेब, मी चौथं शील घेतलं आहे." पंचशीलातलं चौथं म्हणजे खोटं न बोलण्याचं. वकिलाला ते कळलं नाही, पण वस्तीत ते वाक्य पुढे वीस वर्षं चाललं. भांडण कुणाचंही असो, आधी विचारलं जायचं, सुगंधाबाई काय म्हणते?

पाचवं शील मद्य न घेण्याचं असतं. तेव्हा राकेशच्या तोंडून 'परित्राणासाठी' का निघालं, हे समजायला फार डोकं लागत नाही. पुढच्या रविवारी इथल्या मंडळाचा धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रम होता. त्यात परित्राण पाठ होतो. भंते, म्हणजे बौद्ध भिक्खू, रक्षणाची सूत्रं म्हणतात, मधे पाण्यानं भरलेला कलश असतो, त्याला गुंडाळलेला पांढरा दोरा सगळ्यांच्या हातांतून फिरतो, आणि शेवटी ते पाणी प्रत्येकाच्या ओंजळीत देतात. राकेशच्या डोक्यात पाणी आणि रविवार एकाच वेळी आले आणि जिभेनं दोघांची गाठ मारून टाकली.

 आई उठली, पातेल्याजवळ गेली आणि पाण्यात पाहत राहिली.

"माह्या आजीनं जिंदगीत विहिरीचा दोर हातात धरला नाई," ती म्हणाली. "घागर घेऊन बाजूले उभी राहे. कोनी वरून वतलं तं पानी, नाई तं रिकामी घागर घेऊन घरी. आन तू सगळ्यायचं पानी करून राह्यला."

राकेशनं मान खाली घालून पूड पाण्यात टाकली. त्याला त्या क्षणी वाटलं ते साधं होतं. वाटलं, आपण फार वाईट माणूस आहोत.

रात्री स्वयंपाकघरात त्यानं अपर्णाला, आपल्या बायकोला, हळूच सांगितलं, तेव्हा तिनं पोळी लाटता लाटता थांबून त्याच्याकडे पाहिलं. ती फार्मसिस्ट. औषध वेळेवर घेतलं तर कमी लागतं, हे ती दिवसातून चाळीस लोकांना सांगते.

"आत्ता जा आणि सांगून टाक," ती म्हणाली. "आज ओरडतील. आठ दिवसांनी सांगितलंस तर ओरडणार पण नाहीत."

"रविवार होऊन जाऊ दे यार. मग सांगतो."

सकाळी आई खाली आली ती हातात पांढऱ्या कापडाचा तुकडा घेऊन. रविवारी नेसायला आणलेल्या नव्या पांढऱ्या साडीचा आतला पदर तिनं फाडला होता. "पातेल्यावरचं तुहं फडकं बरोबर नाई. परित्राणाचं पानी असं ठेवतेत का?" आणि वाकड्या मनगटानं पातेल्याच्या तोंडावर कापड ताणून धरत तिनं त्याच्याकडून सगळं पाणी बादल्यांमध्ये काढून परत पातेल्यांत गाळून घेतलं. दहा गॅलन. मधे एकदाही बसली नाही.

मग अपर्णा आणि मुलगी सलोनी तिला शहराच्या पलीकडचा श्रीलंकन विहार दाखवायला घेऊन गेल्या. राकेशला ऑफिसचं काम होतं, असं त्यानं सांगितलं. गाडी वळणावरून दिसेनाशी झाल्यावर तो खाली गेला. माल्ट दळून ठेवलेलं होतं, पाणी तयार होतं, शनिवार होता. आपण हे करणार नाही असं तो स्वतःला जिना उतरेपर्यंत सांगत होता, आणि उतरल्यावर त्यानं शेगडी पेटवली. आईनं गाळलेलं तेच पाणी वर चढवलं. साडेतीन तासांत त्यानं उरकलं, भरलेलं पिंप आंबायला भट्टीच्या खोलीत, म्हणजे घर तापवायचं यंत्र असतं त्या कोठडीत, स्लीपिंग बॅगेखाली झाकून ठेवलं, पातेली धुऊन पुन्हा नळाच्या पाण्यानं भरली, सगळ्या खिडक्या उघडल्या आणि दोन अगरबत्त्या लावल्या.

आई परत आली तेव्हा दारातच थांबली. "आंबिलीवानी वास येऊन राह्यला. काय शिजवलं?"

"ओट्स."

"इतके?"

सलोनी चौदा वर्षांची आहे. तिनं बापाकडे पाहिलं, "वॉव," म्हणाली आणि जिना चढून गेली.

नंतरचा आठवडा मात्र राकेशच्या आयुष्यातला, कसं सांगावं, फार चांगला गेला, आणि त्याचंच त्याला सगळ्यात वाईट वाटायचं. रोज संध्याकाळी ऑफिसातून आला की आई म्हणायची, "चाल, पानी पाहू." दोघं खाली जायचे. त्यानं तिला अर्धी गोळी कशी मोजायची ते शिकवलं. आधीचा वास आणि नंतरचा वास घ्यायला लावला. चार वर्षं तो ज्याच्याविषयी बोलायला लागला की अपर्णा फोन बघायची आणि मित्र बाटली उघडायचे, ते आई मान डोलवत ऐकत होती. एकदा त्यानं गंमत म्हणून चार ग्लास मांडले. एकात नळाचं, एकात फ्रिजचं, एकात गोळीचं, आणि एकात गोळी घालून वर जिप्सम घातलेलं. आईनं एकेक घोट घेतला आणि चौथ्या ग्लासवर बोट ठेवलं.

"हे जड आहे. आमच्या गावच्या विहिरीवानी. यात तुरीची डाळ शिजनार नाई."

"कॅल्शियम!" राकेश जवळजवळ ओरडलाच. "अगं आई, बरोबर! तुला कसं कळलं?"

"दहा वर्षं त्या पान्यात डाळ शिजवली, मले नाई कळनार?"

तो इतका हसला की डोळ्यांत पाणी आलं. गेल्या वीस वर्षांत आईशी फोनवर तब्येत, पाऊस आणि नातेवाईक सोडून चौथा विषय निघाला नव्हता. त्या आठवड्यात ते रोज तासभर बोलले. दहा फुटांवर, बंद दाराआड, पिंप आपलं काम करत होतं. तिच्यासमोर रोज एकदा तरी 'आई, ऐक' असं त्याच्या ओठांवर यायचं, आणि रोज ती काहीतरी असं बोलायची की ते परत गिळावं लागायचं. बुधवारी ती म्हणाली, "यंदा पयल्यांदा दीक्षाभूमी चुकून राह्यली. वाईट वाटत होतं. आता नाई वाटत." दीक्षाभूमीवर तिचं मंडळ बावीस वर्षं पाण्याचा स्टॉल लावत होतं. त्यानंतर राकेशनं तो आठवडाभर सांगायचा विचारच सोडला.

आणि मधल्या काळात आईनं प्रताप मेश्रामना फोन केला होता. प्रतापकाका म्हणजे इथल्या मंडळाचे सर्वांत जुने सभासद. चाळीसेक वर्षांपूर्वी आले, आता निवृत्त. आतापर्यंत मंडळ दुकानातल्या बाटल्या आणून कलशात ओतायचं. काकांना त्याचं नेहमी वाईट वाटायचं. राकेश स्वतः आठवडाभर खपून परित्राणाचं पाणी करतोय, हे सुगंधाबाईंच्या तोंडून ऐकल्यावर त्यांनी ते मंडळाच्या ग्रुपवर टाकलं. छप्पन जणांनी हात जोडले.

शनिवारी राकेशनं एक पातेलं घासायला घेतलं. चार वर्षं त्यात बिअर उकळलेली. त्यानं ते गरम पाण्यानं धुतलं, सोड्यानं घासलं, व्हिनेगर घालून पुन्हा घासलं, आणि नाक घालून वास घेतला. काहीच वास नव्हता. तरीही त्यानं तिसऱ्यांदा घासलं. अपर्णा जिन्यात उभी राहून बघत होती. 

रविवारी शाळेचा हॉल भाड्यानं घेतला होता. बाहेर मेपलची पानं पार्किंगभर पसरली होती. साठेक माणसं होती. आई फाटका पदर आत खोचून पांढरी साडी नेसली होती आणि पहिल्या रांगेत बसली होती. कलश पुढे ठेवताना प्रतापकाकांनी माइकवर राकेशचं नाव घेतलं. टाळ्या झाल्या. मग सगळ्यांनी मिळून पंचशील घेतलं. राकेशनं पाचही मोठ्यानं म्हटली. तोंडाला सवय असते, ते थांबत नाही.

पाठ संपल्यावर पाणी वाटायचं कामही त्याच्याकडेच आलं. एकेक ओंजळ पुढे यायची, तो पळीनं ओतायचा. संजीव रामटेके समोर आला. ऑफिसातला मित्र, राकेशच्या बिअरच्या निदान दोन डझन बाटल्या त्यानं संपवल्या असतील. संजीव डोळा मारेल, काहीतरी बोलेल, अशी राकेशला भीती वाटली. संजीवनं काही केलं नाही. त्यानं ओंजळीतलं पाणी प्यायलं, हात डोक्यावरून फिरवला आणि राकेशच्या डोळ्यांत न बघता पुढे गेला. त्यापेक्षा त्यानं डोळा मारला असता तर बरं झालं असतं.

शेवटी प्रतापकाका बाटली घेऊन आले. काकू कंबरेच्या ऑपरेशननंतर दोन आठवडे रिहॅब सेंटरमध्ये होत्या. "थोडं हिच्यासाठी दे रे," ते म्हणाले. राकेशनं बाटली भरून दिली. घरी येताना गाडीत आई मागच्या सीटवर बसून खिडकीबाहेर बघत होती. "तुह्या बापानं पाह्यलं पाह्यजे होतं," ती म्हणाली.

मंगळवारी राकेश साडेपाचला ऑफिसातून परतला तेव्हा घरात सामसूम होती. अपर्णाची ड्यूटी होती, सलोनी अजून शाळेच्या बसमध्ये होती. "आई?" त्यानं हाक मारली. उत्तर खालून आलं.

भट्टीच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. समोर प्लास्टिकची खुर्ची टाकून आई बसली होती. स्लीपिंग बॅग घडी करून बाजूला ठेवलेली. पिंपाच्या झाकणावरच्या छोट्या नळीतून दर दहा-बारा सेकंदांनी एक बुडबुडा येत होता. राकेशनं आधी फरशीकडे पाहिलं. काही सांडलेलं नव्हतं, काही फुटलेलं नव्हतं. अकरा भट्ट्या फोडलेल्या बाईनं पिंपाला हात लावला नव्हता. त्याला वाटलं, फोडलं असतं तर सुटलो असतो.

"मेश्रामबाईसाठी अजून पानी करावं म्हनून खाली आली," ती म्हणाली. आवाज नेहमीचाच होता. "बुडबुड ऐकू आलं. मले वाटलं नळ गळून राह्यला. दार उघडलं तं वास आला. हा वास मले कोनी सांगावा लागत नाई."

"आई, मी सांगणार होतो."

"कधी?"

राकेशनं खांद्यावरची बॅग काढून जिन्याशी ठेवली.

"पेते का तू?"

"एखादा ग्लास. शनिवारी. आई, इथे लोक हे छंद म्हणून करतात, बागकाम करतात तसं. चार वर्षांत मी कधी..."

"किती पेते ते मी इचारलं का?" ती थांबली. "हे पानी कोनतं आहे?"

राकेशची नजर रिकाम्या पातेल्याकडे गेली.

"मी गाळलेलं?"

"हो."

आईनं मान हलवली. रागावली असती, रडली असती, तर त्याला काहीतरी करता आलं असतं. ती नुसती बसून होती. इतक्यात तिच्या मांडीवरचा फोन वाजला. वाकड्या मनगटामुळे तिला फोन कानाशी फार वेळ धरता येत नसे. ती नेहमी स्पीकर लावायची. आताही तिनं तेच केलं.

"जय भीम, सुगंधाताई!" प्रतापकाकांचा आवाज बेसमेंटभर झाला. "अहो, हिनं काल सगळी बाटली संपवली. दोन आठवड्यांनी झोप लागली म्हणते. अजून थोडं मिळेल का विचारतेय. आणि ऐका, कमिटीनं पण ठरवलंय, यापुढे दर महिन्याला पाणी राकेशचंच."

आईनं राकेशकडे पाहिलं. पुरेसा वेळ पाहिलं. त्या वेळात माणूस दोन वाक्यं सहज बोलू शकतो, हात पुढे करून फोन घेऊ शकतो. राकेश उभा राहिला आणि नळीतला बुडबुडा बघत राहिला.

"भाऊ," आई फोनकडे वळून म्हणाली, "ते पानी साधंच होतं. राकेशनं ते परित्राणासाठी केलं नव्हतं. तो काई बोललाच नव्हता तसं. मीच काईबाई बोलली. वय झालं आता, डोकं ठिकान्यावर राह्यत नाई."

 मग काकांचा आवाज एकदम मऊ झाला, आजारी माणसाशी बोलावं तसा. "अहो ताई, होतं, होतं. त्यात काय एवढं. आमच्या हिचंही अलीकडे तसंच होतंय. तब्येत सांभाळा. राकेशला म्हणावं, एकदा डॉक्टरला दाखव आईला."

"सांगते."

फोन बंद झाला. जिच्या शब्दावर कोर्ट थांबलं होतं, त्या बाईनं आपला शब्द एका मिनिटात भंगारात काढला होता, आणि तोही त्याच्यासाठी. 

"आई, असं कशाला..."

"पाचवं तुहं तू पाहून घे," ती म्हणाली. "त्याचं मी काई म्हनत नाई. तू लहान नाई. पन चौथं तू माह्या तोंडानं मोडलं. सगळ्यायले मी सांगत सुटली, माह्या पोराचं पानी, माह्या पोराचं पानी." खुर्चीला धरून ती उठली. "आन आता हे मी माह्या मनानं मोडलं."

तो हात द्यायला पुढे झाला. तिनं हात घेतला नाही. एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकत ती वर गेली.

सहा वाजता सलोनी आली. आजी आल्यापासून रोज संध्याकाळी दोघी दिवाणखान्यात, बुद्धाच्या छोट्या मूर्तीसमोर आणि बाबासाहेबांच्या फोटोसमोर, सतरंजीवर बसून वंदना म्हणायच्या. सलोनीला ते सगळं आता पाठ झालं होतं, उच्चार थोडे मिनेसोटाचे. त्या दिवशीही बसल्या. राकेश मागे सोफ्यावर बसला. त्याला उठून जायचं होतं आणि जाता येत नव्हतं.

मेणबत्ती लागली. त्रिसरण झालं. आई एकेक शील म्हणायची, सलोनी मागून म्हणायची. पहिलं. दुसरं. तिसरं. मग आई थांबली. श्वास घेतला, आणि तिनं पाचव्याचा पहिला शब्द उच्चारला.

"आजी, यू मिस्ड वन," सलोनी हळूच म्हणाली. "नंबर फोर."

"नाई बेटा. मी आज ते घेतलं नाई."

"व्हाय?"

आईनं मेणबत्तीची वात सरळ केली. सलोनीनं वळून बापाकडे पाहिलं. ती बराच वेळ पाहत राहिली, आणि या खेपेस 'वॉव' म्हणाली नाही.

राकेश उठला. आईचा फोन सतरंजीच्या कडेला पडला होता. तो त्यानं उचलला, सगळ्यात वरचं नाव दाबलं. स्पीकर तसाच लागला; त्यानं तो बंद केला नाही.

"बोला ताई," प्रतापकाका म्हणाले. "बरं वाटत नाहीये का?"

"काका, राकेश बोलतोय."

"हां, बोल. आई बरी आहे ना?"

"आई बरी आहे." त्यानं फोन तोंडाजवळ आणला. "ती काहीबाही बोलत नाही, काका. तिचं डोकं पूर्ण ठिकाणावर आहे. मी तिला जे सांगितलं, तेच तिनं तुम्हाला सांगितलं होतं. आणि मघाशी ती खोटं बोलली, ते माझ्यासाठी. मी तिथेच उभा होतो."

 मग काकांनी विचारलं, "मग ते पाणी कशाचं होतं?"

"बिअरचं," राकेश म्हणाला. "मी घरी बिअर करतो. चार वर्षं झाली. पातेलंही तेच होतं."

काका काय म्हणतात याची वाट बघत तो फोन हातात धरून उभा राहिला. आईनं मागे वळून पाहिलं नाही. पाचवं म्हणायचं अजून राहिलं होतं, आणि हात जोडून ती थांबली होती.